छातीची सोनोग्राफी कशाला?

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात : पोट आणि बाळंतपण. म्हणून धाप लागलेल्या माणसाला कॅज्युअल्टीत आणल्यावर डॉक्टर सोनोग्राफीचं यंत्र ढकलत खाटेजवळ आणतात, तेव्हा नातेवाईक गोंधळतात. "डॉक्टर, त्रास छातीत आहे. पोट कशाला तपासताय?" डॉक्टर सांगतात, "छातीच बघतोय." मग बरोबर आलेला, कॉलेजात शिकणारा भाचा विचारतो, "पण हवेतून सोनोग्राफी होत नाही ना? फुप्फुसात तर हवाच असते."

भाच्याचं बरोबर आहे. वैद्यकाची पाठ्यपुस्तकंही कितीतरी वर्षं हेच सांगत होती की फुप्फुस हा काही सोनोग्राफीचा प्रांत नव्हे. तरीही आज अनेक आयसीयूंमध्ये, आणि लहान मुलांच्या वॉर्डात तर विशेष, न्यूमोनियाची पहिली खूण याच यंत्रावर शोधली जाते. हे कसं जमलं ते पायरीपायरीनं पाहू.

1. डबा वाजवून पाहणं

पत्र्याच्या डब्यात तेल किती उरलंय हे झाकण न उघडता कळतं. बोटाच्या पेरानं वरून खाली ठोकत यायचं. रिकाम्या भागात आवाज पोकळ येतो आणि तेलाची पातळी लागली की बद्द होतो. घरोघरच्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलेलं नाही.

लेओपोल्ड आउएनब्रुगर हा ऑस्ट्रियातला डॉक्टर खाणावळवाल्याचा मुलगा होता. दारूची पिंपं ठोकून पातळी ओळखायची रीत त्यानं लहानपणी पाहिली होती, असं सांगतात. 1761 साली त्यानं रुग्णाच्या छातीवर बोटं ठोकून निदान करण्याची पद्धत पुस्तकरूपानं मांडली. पुढे 1816 मध्ये पॅरिसच्या लाएनेकनं कागदाची सुरळी छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. 1895 मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले.

साधनं बदलत गेली, पण छातीला विचारायचा मुख्य प्रश्न तोच राहिला : इथं हवा आहे की पाणी? सोनोग्राफीही तोच प्रश्न विचारते, फक्त तिची टिचकी फार बारीक असते.

2. हवेपाशी अडलेला आवाज

डोंगराच्या कड्यासमोर उभं राहून हाक मारली आणि ती एका सेकंदानं परत आली, तर कडा किती लांब? हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. हे अंतर जाऊन-येऊन मिळून झालं, म्हणजे कडा साधारण 170 मीटरवर.

सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे कातडीवर टेकवायचा भाग, हेच करतो. त्यातले स्फटिक विजेच्या झटक्यानं थरथरतात आणि परत आलेल्या आवाजाच्या धक्क्यानं पुन्हा वीज निर्माण करतात. स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलं होतं. आपला कान सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. फुप्फुसासाठी वापरतात त्या मोठ्या वक्र प्रोबमधून सेकंदाला 30 ते 50 लाख कंपनांचा आवाज निघतो. शरीराच्या मऊ भागात तो सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगानं जातो. सेकंदाचे दहा लाख भाग केले आणि त्यातल्या 65 भागांनंतर आवाज परतला, तर तो जाऊन-येऊन 10 सेंटिमीटर चालला. म्हणून यंत्र 5 सेंटिमीटर खोलीवर एक ठिपका काढतं.

यंत्राला एवढंच गणित येतं. जितका उशीर, तितकं खोल. हे लक्षात असू द्या, पुढे सगळं यावरच उभं आहे.

आता अडचण पाहा. स्नायूतून आलेला आवाज हवेशी भिडला की त्यातला 99 टक्क्यांहून अधिक भाग तिथूनच माघारी फिरतो. कातडीवर गार जेल फासतात ते त्यामुळेच. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळसा थर राहिला, तरी आवाज आत शिरणार नाही. मग अख्खं फुप्फुस हवेनं भरलेलं असताना त्याच्या आत काय दिसणार? काहीच नाही. निरोगी फुप्फुसाच्या आतलं सोनोग्राफीत खरोखरच काही दिसत नाही.

3. आरसे आणि घंटा

प्रोब दोन बरगड्यांच्या फटीवर उभा धरला की पडद्यावर आधी कातडी आणि स्नायूंचे थर येतात. त्याखाली दोन बाजूंना दोन बरगड्या, त्यांच्या काळ्या सावल्या आणि मधोमध, बरगड्यांपेक्षा थोडी खोल, एक लख्ख पांढरी आडवी रेषा. पंख पसरलेलं वटवाघूळ म्हणून डॉक्टर हे दृश्य ओळखतात. ती पांढरी रेषा म्हणजे फुप्फुसावरण. रुग्ण श्वास घेतो तशी ती मागेपुढे सरकते, मुंग्यांची रांग दोरीवरून चालावी तशी. हे सरकणं माणसांच्या डॉक्टरांआधी घोड्यांच्या डॉक्टरांनी टिपलं होतं, 1986 मध्ये.

रेषेच्या खाली निरोगी माणसात काय दिसतं? समान अंतरावर आणखी आडव्या रेषा, एकाखाली एक, फिकट होत गेलेल्या. केस कापायच्या दुकानात समोरासमोर आरसे असतात आणि आपलंच डोकं आत आत, लहान लहान होत गेलेलं दिसतं, तसाच हा प्रकार. आवाज फुप्फुसावरणावर आपटून प्रोबकडे येतो, प्रोबवर आपटून पुन्हा खाली जातो आणि पुन्हा वर येतो. आवरण 2 सेंटिमीटरवर असेल तर यंत्र 4 आणि 6 सेंटिमीटरवरही रेषा काढतं, कारण उशीर म्हणजे खोली एवढंच त्याला ठाऊक. या आडव्या रेषांना 'ए' रेषा म्हणतात. त्या दिसल्या आणि आवरणही सरकत असलं, तर खाली हवा आहे, ठीक आहे.

आजारी फुप्फुसाचं काय होतं? आपल्या फुप्फुसात वायुकोश नावाच्या 30 ते 50 कोटी पुटकुळ्या असतात, एकेक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी. त्यांच्यामधल्या भिंती कागदाहूनही पातळ असतात. विषाणू या भिंतींना झोंबला की त्या सुजतात, ओल धरतात. आता आवाजाला शिरायला जागा मिळते : पाण्याचा इवलासा कण आणि चहूबाजूंनी हवा. त्या कणात आवाज अडकतो आणि घुमत राहतो. देवळातली घंटा एकदा वाजवली तरी नाद कितीतरी वेळ येत राहतो, तसा तो थोडा थोडा प्रोबकडे परतत राहतो. यंत्र मात्र आपल्या गणिताशी प्रामाणिक असतं. उशिरा आलेला प्रत्येक अंश ते अधिकाधिक खोल मांडत जातं. म्हणून पडद्यावर फुप्फुसावरणापासून थेट तळापर्यंत एक उभा पांढरा झोत उमटतो, रात्री धुक्यात विजेरी लावल्यासारखा. श्वासाबरोबर तो डावी-उजवीकडे हलतो आणि वाटेतल्या आडव्या रेषा पुसून टाकतो. ही 'बी' रेषा. बरगड्यांच्या एका फटीत अशी एखाद-दुसरी रेषा धडधाकट माणसातही दिसू शकते. तीन किंवा अधिक दिसल्या, तर तो भाग ओला झालाय असं धरतात.

पडद्यावरची ती रेषा शरीरात कुठेही नसते. जी गोष्ट पूर्वी चित्रातली खोट म्हणून बाजूला टाकत असत, तिच्यातच खबर आहे हे फ्रेंच आयसीयू-तज्ज्ञ दानिएल लिश्तेनस्टाइन यांनी ओळखलं. 1997 मध्ये त्यांनी या उभ्या रेषांचा फुप्फुसातल्या ओलीशी असलेला संबंध मांडला आणि 2008 मध्ये श्वास लागलेल्या 260 रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या 90.5 टक्के रुग्णांत सोनोग्राफीची ठरावीक पद्धत वापरून काढलेलं निदान बरोबर ठरलं होतं. टाकाऊ समजलेल्या खुणेकडे इतक्या चिकाटीनं पाहत राहणं, याला मी वैद्यकातलं मोठं काम मानतो.

4. वळीव आणि पूर

फुप्फुस ओलं आहे एवढं कळलं. पण ओल विषाणूची हे कशावरून? हृदय थकलं तरी फुप्फुसात पाणी साचतं आणि तिथंही उभ्या रेषाच दिसतात.

इथं पाहायची ती ओलीची जागा आणि तऱ्हा. हृदय कमजोर पडल्यावर चढणारं पाणी पुरासारखं असतं. दोन्ही बाजूंना सारखं, सखल भागात जास्त, आणि फुप्फुसावरणाची रेषा गुळगुळीतच राहते. विषाणूजन्य न्यूमोनिया हा वळवाचा पाऊस आहे. एक शेत चिंब आणि बांधापलीकडचं कोरडं. दोन्ही फुप्फुसांवर चट्टे पडतात, पण ते एकसारखे नसतात. एका फटीत रेषांचा पडदाच लोंबतो आणि दोन बोटं सरकल्यावर स्वच्छ आडव्या रेषा दिसतात. आवरणाची रेषा जाड, खडबडीत, मध्येच तुटलेली असते आणि तिच्या लगेच खाली हवा निघून गेलेले काळपट बारके डाग असतात, साधारण वाटाण्याएवढे.

जिवाणूंचा न्यूमोनिया बहुधा वेगळा दिसतो. तो फुप्फुसाचा एक मोठा हिस्सा धरतो आणि पूनं गच्च भरून टाकतो. हवाच उरत नाही, त्यामुळे आवाज सरळ आत जातो आणि पडद्यावर फुप्फुस यकृतासारखं भरीव दिसतं. त्या भरीव भागात श्वासनलिकांमधली उरलेली हवा पांढऱ्या फांद्यांसारखी चमकते आणि श्वासाबरोबर हलते. अर्थात रोग पुस्तक वाचून येत नाही. विषाणूमागून जिवाणू घुसला तर दोन्ही चित्रं एकाच छातीत दिसतात.

आणखी एक गोष्ट सोनोग्राफीच्या पथ्यावर पडते. कोविडसारखा न्यूमोनिया फुप्फुसाच्या कडेला, पाठीकडच्या खालच्या भागात जास्त असतो, म्हणजे छातीच्या भिंतीला खेटून. हवेचा अडसर मध्ये नसल्यानं तो प्रोबला सापडतो.

5. पिशवीतला प्रोब

2009 मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली. पुणेकर ती विसरलेले नाहीत, देशातला त्या साथीचा पहिला मृत्यू त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. त्या साथीत इटलीतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही रुग्णांचा एक्स-रे अजून स्वच्छ असतानाच सोनोग्राफीत उभ्या रेषा दिसू लागतात. 2012 मध्ये त्यांनी ते छापलंही. तेव्हा त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

2020 च्या वसंतात याच इटलीवर कोविड कोसळला. अंगभर पीपीई चढवल्यावर स्टेथोस्कोप कानाला लावता येईना. सीटीला न्यायचं तर रुग्णाला लिफ्टमधून, बोळांतून हलवायचं आणि प्रत्येकानंतर यंत्र निर्जंतुक करायचं. रोमच्या जेमेली रुग्णालयातल्या डॉक्टरांनी साधा उपाय सुचवला : खिशात मावणारा बिनतारी प्रोब आणि एक टॅबलेट, दोन्ही प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले. तपासणं आणि चित्र पाहणं एकाच माणसानं, खाटेशीच उरकायचं.

त्याच मार्चमध्ये माद्रिदच्या ला पाझ रुग्णालयातले आपत्कालीन विभागाचे डॉक्टर येल तुंग चेन यांना कोविड झाला. विलगीकरणात असताना ते रोज स्वतःच्या छातीवर प्रोब फिरवत आणि काय दिसलं ते ट्विटरवर टाकत. धाप नाही, छातीत दुखत नाही, तरी आवरण जाड झालेलं, उभ्या रेषा उमटलेल्या, बारके डाग पडलेले. जगभरचे डॉक्टर एका डॉक्टरच्या फुप्फुसात रोग कसा पुढे सरकतो आणि कसा ओसरतो, हे दिवसागणिक पाहत होते.

6. मावशींचे बारा भाग

आपल्याकडे त्या दिवसांत एकच प्रश्न घरोघर ऐकू येई : "स्कोअर किती आला?" तो सीटीचा, 25 पैकीचा स्कोअर. महाराष्ट्र सरकारला सप्टेंबर 2020 मध्ये छातीच्या सीटीचे, म्हणजे एचआरसीटीचे, दर 2000 ते 3000 रुपयांवर बांधून द्यावे लागले, इतकी त्या तपासणीला गर्दी. ऑक्सिजन 98 असताना, तापाच्या दुसऱ्या दिवशी हौसेनं काढलेल्या सीटीचा बहुतेकांना काही उपयोग झाला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे गेले आणि अंगावर किरणोत्सार घेतला.

सोनोग्राफीचाही स्कोअर असतो, पण तो वेगळा. सीटीच्या आकड्याशी त्याची तुलना करू नये. प्रत्येक बाजूचे सहा असे छातीचे बारा भाग करतात : पुढे दोन, कुशीत दोन, पाठीवर दोन. भाग कोरडा तर 0, सुट्या सुट्या तीन किंवा जास्त उभ्या रेषा तर 1, रेषा एकमेकींत मिसळून पांढरा पडदा झाला तर 2, भरीव तर 3. एकूण 36 पैकी.

समजा, 58 वर्षांच्या एका मावशी पाच दिवसांच्या तापानंतर दाखल झाल्या. बोटावरचा ऑक्सिजन 95. पुढचे चारही भाग कोरडे, म्हणजे 0. कुशीत उजवीकडे 1 आणि 1, डावीकडे 0 आणि 1, एकूण 3. पाठीवर उजवीकडे 1 आणि 3, डावीकडे 0 आणि 2, एकूण 6. सगळे मिळून 9. समोरून पाहिलं असतं तर मावशी निरोगी ठरल्या असत्या. म्हणून पाठ तपासल्याशिवाय ही तपासणी पुरी होत नाही.

दोन दिवसांनी पुन्हा प्रोब फिरवला. पुढे एक भाग ओला, 1. कुशीत 2, 2, 1, 2, एकूण 7. पाठीवर 2, 3, 2, 3, एकूण 10. बेरीज 18. ऑक्सिजन 91 वर आला. आकडा दुप्पट झालाय आणि ओल पाठीकडून पुढे सरकतेय. आता मावशींना पालथं झोपवायचं, ऑक्सिजन वाढवायचा आणि आयसीयूत खाट पाहून ठेवायची.

सोनोग्राफीचं खरं बळ या दुसऱ्या तपासणीत आहे. सीटी तिच्यापेक्षा कितीतरी तपशीलवार चित्र देतं, यात वाद नाही. पण सीटी रोज काढता येत नाही आणि ऑक्सिजनवरच्या माणसाला दर दिवशी खाली न्यायचं म्हणजे जोखीमच. सोनोग्राफीत किरणोत्सार मुळीच नाही. प्रोब सकाळ-संध्याकाळ फिरवला तरी चालतो.

7. यंत्र काय सांगत नाही

सोनोग्राफी विषाणूचं नाव सांगत नाही. कोविड, फ्लू, लहान मुलांना धरणारा आरएसव्ही, सगळ्यांचा वळीव एकसारखाच पडतो. नाव सांगायला नाकातल्या स्रावाची चाचणीच लागते.

आणि एकच चित्र वेगवेगळ्या दिवसांत वेगळा अर्थ सांगतं. हे गणितानं पाहू. समजा, दहा खऱ्या रुग्णांपैकी नऊ सोनोग्राफीत सापडतात आणि तो आजार नसलेल्या दहांपैकी तिघांतही तसंच चित्र दिसतं. 2022 मध्ये कॉक्रेन या संस्थेनं कोविडबाबतच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा प्रमाण याच्या आसपासच निघालं होतं.

साथ ऐन भरात आहे. धाप लागून आलेल्या 1000 जणांपैकी 600 जणांना खरोखर तो आजार आहे. त्यातले 540 सापडतील. उरलेल्या 400 पैकी 120 जणांतही तसंच दिसेल. म्हणजे तसं चित्र दिसलेल्या 660 जणांत 540 खरे, शंभरात 82.

आता साथ ओसरलेला महिना घ्या. 1000 पैकी फक्त 50 जणांना तो आजार आहे. सापडतील 45. बाकीच्या 950 पैकी 285 जणांत तसंच दिसेल. चित्र दिसलं 330 जणांत आणि त्यात खरे 45, शंभरात जेमतेम 14. यंत्र तेच, हात तेच, निकाल मात्र पार बदलला. म्हणून ताप कधीपासून, घरात आणखी कोण आजारी, हृदयाचा त्रास आहे का, हे विचारल्याशिवाय ज्यानं प्रोब हातात घेतला, त्याचं निदान चुकणार.

बाकीच्या मर्यादा थोडक्यात सांगतो. फुप्फुसाच्या खोल गाभ्यातला, कडेपर्यंत न पोहोचलेला रोग दिसत नाही. फार स्थूल माणसात चित्र धूसर येतं. जुन्या व्रणांनी घट्ट झालेल्या फुप्फुसात उभ्या रेषा कायमच असतात. आणि सगळं शेवटी हातावर आहे. प्रोब थोडा तिरका धरला तरी रेषा हरवते.

लहान मुलांत मात्र यातल्या बऱ्याच अडचणी येत नाहीत. छातीची भिंत पातळ, फुप्फुस लहान, आणि आईच्या मांडीवर बसवूनच तपासता येतं. रडणाऱ्या बाळाला एक्स-रेसाठी धरून ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

8. यंत्र घरी का येत नाही

इतकं सोयीचं, खिशात मावणारं यंत्र आहे, तर डॉक्टर ते घेऊन घरी का येत नाहीत? याचं उत्तर आपल्या समाजात आहे. सोनोग्राफीनं गर्भाचं लिंग पाहून मुली पाडल्या गेल्या. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानंच 1988 मध्ये केला. 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 वर आल्या. त्यामुळे प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते. हातात नेता येणारं यंत्र नोंदणी झालेल्या जागी, दाखल रुग्णांसाठीच किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येतं. हा जाच नाही. ज्या कारणानं हे कुलूप लावलं, ते कारण संपलेलं नाही. फुप्फुसासाठी वाट काढायचीच असेल, तर ती ग्रामीण रुग्णालयांतल्या नोंदणीकृत यंत्रांवर डॉक्टरांना छाती तपासायला शिकवून काढावी.

घरी मात्र एक गोष्ट करता येते आणि तिला यंत्र लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ लावलेलं श्वास मोजायचं साधन तयार केलं. मुलांचे मृत्यू कमी झाले आणि 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं तो अभ्यास छापला.

तुमच्या घरात पाच वर्षांखालचं मूल असेल आणि त्याला खोकला-ताप असेल, तर ते शांत असताना अंगातला कपडा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळात 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षात 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त श्वास भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा.